मोडशी

गेल्या शुक्रवारी आमची रिलीज होती. रात्री साडेअकराला सगळं सुरळीत पार पडलं, म्हणून टीममधल्या पाचसहा जणांनी एका गाडीवर जाऊन पाणीपुरी हाणली. रिलीज टिकली, पोट टिकलं नाही. शनिवारची सकाळ कशी गेली ते सांगत नाही, वाचताना तुमच्या हातात चहा असेल. :-)

दहाच्या सुमारास आजी खोलीत आली, माझ्याकडे नीट बघितलं आणि निकाल देऊन टाकला, "मोडशी झालीये तुला. आज लंघन कर. संध्याकाळी पेज देते, जिरं-मिरी घालून."

मोडशी! लहानपणापासून ऐकत आलेला शब्द. पण आमच्या डॉक्टरांच्या तोंडून मात्र तो कधी ऐकलेला नाही. त्यांच्याकडे गॅस्ट्रो असतं, इन्फेक्शन असतं, ॲसिडिटी असते. मोडशी फक्त आजीकडे असते. ऑफिस नव्हतं, बाहेर कोथरूडच्या रस्त्यांवर नेहमीची शनिवारची गर्दी, आणि मला बाथरूमपासून वीस फुटांच्या पलीकडे जाण्याची सोय नव्हती. मग लॅपटॉप घेतला आणि शब्दाचा माग काढत बसले. थेट साडेचारशे वर्षं मागे जाऊन पोचले.

युल आणि बर्नेल या दोन साहेबांनी १८८६ साली 'हॉब्सन-जॉब्सन' नावाचा एक भन्नाट कोश काढला. हिंदुस्थानातल्या इंग्रजांच्या बोलण्यात घुसलेल्या देशी शब्दांचा. त्यात 'मोर-द-श्यां' अशी एक नोंद आहे. फ्रेंचमध्ये याचा अर्थ 'कुत्र्याचं मरण'. अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत इथले युरोपियन लोक कॉलऱ्याला हे नाव वापरत. नाव ऐकून वाटतं, रोगी कुत्र्यासारखा तडफडून मरतो म्हणून पडलं असेल. तर तसं अजिबात नाही. फ्रेंचांनी पोर्तुगीजांकडून 'मोर्देशीं' असा शब्द ऐकला आणि आपल्या कानाला ओळखीचा वाटेल तसा वाकवून घेतला. पोर्तुगीजांनी तो घेतला होता कोकणी-मराठीतून. मूळ शब्द आपली मोडशी. मोडणे या धातूपासून आलेला. माणूस मोडून पडतो, ती मोडशी.

म्हणजे आजीचा शब्द पॅरिसला जाऊन आला होता आणि आम्हाला पत्ता नव्हता.

त्या नोंदीखाली जुने दाखले दिलेत. त्यातला एक १५६३ सालचा, गोव्यात छापलेल्या एका पुस्तकातला. लेखक गार्सिया द ओर्ता, पेशाने डॉक्टर. त्याच्या पुस्तकाचं क्लेमंट्स मार्कहॅमने १९१३ साली केलेलं इंग्रजी भाषांतर नेटवर फुकट मिळतं. ते उघडलं, आणि शनिवार गेलाच, रविवारही गेला. पोट बरं झालं तरी उठवेना.

तर मंडळी, आजची गोष्ट या डॉक्टरची.

ओर्ताचा जन्म साधारण १५०१ चा, पोर्तुगालमधल्या काश्तेलु द व्हीद गावातला. हे गाव स्पेनच्या सीमेजवळ आहे, आणि ते 'सीमेजवळ' असणं महत्त्वाचं आहे. त्याचे आईवडील मूळचे स्पेनमधले ज्यू. १४९२ साली, म्हणजे कोलंबस निघाला त्याच वर्षी, स्पेनच्या राजाराणीने ज्यूंना सांगितलं, ख्रिश्चन व्हा नाहीतर देश सोडा. हजारो लोक सीमा ओलांडून पोर्तुगालमध्ये आले. पाच वर्षांनी, १४९७ मध्ये, पोर्तुगालने तिथल्या ज्यूंचा सक्तीने बाप्तिस्मा केला. जायची वाटही ठेवली नाही. अशा लोकांना नाव पडलं 'नवे ख्रिश्चन'. आणि हे 'नवे'पण पिढ्यान्‌पिढ्या जुनं झालंच नाही. शेजारीपाजारी बघत असायचे... यांच्या घरी डुकराचं मांस शिजतं का? शनिवारी यांची चूल पेटते का? शनिवार हा ज्यूंचा विश्रांतीचा, देवाचा वार. त्या दिवशी धुवट कपडे घातले तरी संशय.

अशा घरात हा मुलगा कागदोपत्री ख्रिश्चन म्हणूनच जन्मला. स्पेनला जाऊन सालामांका आणि अल्काला इथे वैद्यक शिकला, परत येऊन गावात प्रॅक्टिस केली, आणि १५३० पासून लिस्बनच्या विद्यापीठात शिकवायला लागला. छान चाललं होतं की! तिशीतला प्राध्यापक, राजधानीत नोकरी. आणि १२ मार्च १५३४ ला हा माणूस सगळं सोडून मार्तीं आफोंसु द सोझा या दर्यावर्दी सरदाराचा खाजगी डॉक्टर म्हणून हिंदुस्थानच्या जहाजावर चढला. त्या काळी या प्रवासात सहा महिने जात आणि बरेच लोक वाटेतच जात.

दोनच वर्षांनी, १५३६ मध्ये, पोर्तुगालमध्ये इन्क्विझिशन सुरू झालं. म्हणजे धर्मद्रोह्यांना शोधून काढणारं न्यायालय. या दोन तारखा शेजारी शेजारी ठेवल्या की 'ऑनसाइट' जायची घाई कशासाठी होती ते कळतं.

१५३४ च्या सप्टेंबरात तो गोव्यात उतरला. त्याच डिसेंबरात गुजरातच्या बहादूरशहाने तहात वसई आणि आजूबाजूची बेटं पोर्तुगीजांना देऊन टाकली, त्यात मुंबईही होती. सोझाच्या आरमाराबरोबर ओर्ता हा सगळा किनारा फिरला. घारापुरीची लेणी बघून त्याने त्यांचं वर्णन लिहून ठेवलंय. बेटाचं नाव तो 'पोरी' असं देतो. पुढे सोझा मायदेशी परतला, हा मात्र गोव्यातच राहिला. गव्हर्नर आणि व्हाइसरॉयांचा डॉक्टर झाला, जोडीला रत्नं आणि औषधांचा व्यापार केला, औषधी झाडांची बाग लावली. आणि पुढे या गृहस्थाला राजाकडून कायमच्या भाडेपट्ट्याने काय मिळालं असेल? मुंबई! अख्खं बेट. एशियाटिकच्या टाउन हॉलमागे पुढे इंग्रजांचा बॉम्बे कॅसल उभा राहिला, तिथे आधी याचा वाडा होता असं सांगतात. पुस्तकात एका ठिकाणी त्याचा मुंबईचा कूळ आंब्यांची टोपली घेऊन येतो, आणि ओर्ता अभिमानाने सांगतो की माझ्या मुंबईच्या बेटावरचं हे झाड वर्षातून दोनदा फळतं. मुंबईत टू बीएचकेचं स्वप्न बघणाऱ्या मित्रांनो, मन शांत ठेवा.

आता पुस्तकाकडे येऊ. १० एप्रिल १५६३ ला गोव्यात योहानेस द एंदेम नावाच्या मुद्रकाने ते छापलं. नाव लांबलचक आहे, सारांश म्हणजे 'हिंदुस्थानातल्या वनस्पती आणि औषधं यांविषयीचे संवाद'. हिंदुस्थानात छापखाना येऊन तेव्हा जेमतेम सात वर्षं झाली होती. छपाईच्या चुका इतक्या, की शुद्धिपत्रच वीसेक पानांचं. माझ्यासारख्या बग-फिक्सिंगवर पोट भरणाऱ्या बाईला हे वाचून किती बरं वाटलं म्हणून सांगू!

पुस्तकात दोन डॉक्टर गप्पा मारतात. एक रुआनो, नुकताच स्पेनहून आलेला, डोक्यात सगळी ग्रीक आणि अरबी पुस्तकं भरलेली. दुसरा स्वतः ओर्ता, जवळजवळ तीस वर्षं इथे मुरलेला. रुआनो विचारतो, डायोस्कोरिडीसने तर असं लिहिलंय. ओर्ता म्हणतो, त्याने लिहिलं असेल, पण मी झाड बघितलंय. आपल्या धंद्यात हे रोज चालतं. एकजण डॉक्युमेंटेशन वाचून आलेला असतो, दुसऱ्याने प्रॉडक्शनवर रात्री काढलेल्या असतात. गंमत म्हणजे रुआनो हा खरा कोणी माणूस नव्हताच, असं बहुतेक अभ्यासक मानतात. सालामांकात शिकलेला, पुस्तकांवर भक्ती असलेला तो तरुण म्हणजे ओर्ताच, तीस वर्षांपूर्वीचा. माणूस स्वतःशीच बोलतोय.

आणि काय काय बोलतोय! हिंगाचं प्रकरण मला सगळ्यात आवडलं. हिंदुस्थानात हिंगाशिवाय पान हलत नाही हे सांगून तो विजयनगरची गोष्ट सांगतो. एका पोर्तुगीज व्यापाऱ्याकडे उमदा घोडा होता, पण घोड्याला भयंकर वात. राजा काही विकत घेईना. व्यापाऱ्याने पिठातून हिंग चारला, घोडा खडखडीत बरा झाला, राजाने चांगली किंमत मोजली आणि विचारलं, दिलंस तरी काय? हिंग, असं उत्तर आल्यावर राजा म्हणाला, मग नवल नाही, तू त्याला देवांचं अन्न दिलंस. त्यावर व्यापारी हळूच, आणि तेही पोर्तुगीजमध्ये, पुटपुटला की देवांचं कसलं, सैतानांचं म्हणा.

दुसरं प्रकरण हिऱ्याचं. आपल्या ऐतिहासिक कादंबऱ्यांमध्ये लोक हिरकणी खाऊन जीव देतात, आठवतं? हिरा विषारी असतो ही समजूत तेव्हा युरोपातही होती. ओर्ता म्हणतो, छे! खाणीतले गुलाम हिरे चोरायला ते गिळतात, आणि त्यांना काही होत नाही. हिरा हातोडीने फुटत नाही म्हणतात, तेही खोटं, सहज फुटतो. चुका त्याच्याही आहेत. काळी मिरी आणि पांढरी मिरी वेगवेगळ्या वेलींची, असं तो ठामपणे सांगतो. दोन्ही एकाच वेलीवरची. पण चूक करण्याची त्याची पद्धतसुद्धा बघा: काय पाहिलं आणि काय नुसतं ऐकलं, हे तो बहुतेक वेळा वेगळं सांगतो. भांगेचं वर्णन करतो आणि वर स्वतः चाखलेली नाही असंही कबूल करतो. अशी कबुली आजच्या किती फॉरवर्डमध्ये असते?

त्याला ही माहिती दिली कोणी? तर गोव्यातल्या लोकांनी. मालुपा नावाचा एक हिंदू वैद्य पुस्तकात येऊन बोलून जातो. अंतोनिया नावाची घरातली दासी हाक मारली की फळं-पानं आणून समोर ठेवते. इथल्या भाषेत नारळाच्या झाडाला 'मारो' आणि फळाला 'नारेल' म्हणतात असं तो लिहितो. मारो म्हणजे आपला माड. हे वाचताना अंगावर काटा येतो हो. सोळाव्या शतकात कोणीतरी आपल्याकडच्या माणसाला "हे काय?" असं विचारतंय, तो "माड" म्हणतोय, आणि समोरचा ते कसंबसं आपल्या लिपीत उतरवून घेतोय.

आणि आता मोडशी. रुआनो आणि ओर्ता बोलत बसलेत, तेवढ्यात एक नोकर धावत येतो. साहेबांच्या भावाला बघायला लगेच चला, वेळ भेटीची नाही पण उशीर झाला तर धोका आहे. काय झालंय? 'मोर्शी' झालीय, दोन तास झाले. (अमरावतीकरांनी रागावू नये, पोर्तुगीज कानाला 'ड' जड जातो.) ओर्ता उठतो. रुआनो विचारतो, पटकन मारतो तो रोग हाच का? मग ओर्ता लक्षणं सांगतो: नाडी लागत नाही इतकी मंद, अंगाला गार घाम, आत आग आणि तहान, डोळे खोल गेलेले, पायांत गोळे. माणूस कधीकधी काही तासांतच जातो. युरोपियन डॉक्टराने केलेलं कॉलऱ्याचं हे अगदी सुरुवातीच्या तपशीलवार वर्णनांपैकी एक मानलं जातं. इथले वैद्य काय करतात तेही तो लिहितो. पायाला डाग देतात, गोळे येतात म्हणून हातपाय पट्ट्यांनी करकचून बांधतात, आणि तांदळाचं पाणी पाजतात, मिरी आणि जिरं घालून. त्याला कांजी म्हणतात.

मी स्क्रीनवरून मान वर केली. टेबलावर आजीची पेज. वर तरंगणारं जिरं.

डाग देण्याने कोणी बरं झालं नसणार. पण कॉलऱ्यात माणूस मरतो तो अंगातलं पाणी आणि क्षार निघून गेल्याने, हे आपल्याला आज ओआरएसच्या पाकिटामुळे माहीत आहे. तेव्हा ते कोणालाच माहीत नव्हतं. तरी पाणी पाजायचं, आणि ते तांदळाचं, हे इथल्या कोणाला तरी सुचलं होतं, आणि एका परदेशी डॉक्टराने त्याला न हसता ते टिपून ठेवलं.

या 'न हसता' याची किंमत कळायला त्या काळचा युरोप थोडा बघायला हवा. तेव्हा वैद्यक म्हणजे गेलन. दुसऱ्या शतकातला ग्रीक डॉक्टर, पण शब्द प्रमाण. १५४३ मध्ये पादुआचा तरुण प्राध्यापक व्हेसॅलियस याने स्वतः प्रेतं उघडून दाखवलं की गेलनचं शरीरशास्त्र बरंचसं माकडांवरून आणि इतर जनावरांवरून बेतलेलं आहे. केवढा गहजब झाला! व्हेसॅलियसने गेलनला प्रेतासमोर उभं केलं, ओर्ताने त्याला गोव्याच्या बाजारासमोर उभं केलं. ओर्ता एका ठिकाणी रुआनोला सांगतो की मी स्पेनमध्ये असतो तर गेलन आणि ग्रीकांविरुद्ध काही बोलायची माझी छाती झाली नसती. हे वाक्य पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं, वा! घरापासून दूर आला आणि मोकळा झाला. आपल्यातले किती जण पुण्यात किंवा बे एरियात येऊन असेच मोकळे होतात.

नंतर कळलं की ते वाक्य एवढं सरळ नाही.

त्याआधी नगरचा थांबा घेऊ. ओर्ता अहमदनगरच्या (आताचं अहिल्यानगर, आमच्याकडे नुसतं नगर) बुऱ्हाण निजामशहाचाही डॉक्टर होता. त्याच्या दरबारात अरबी-इराणी हकीम होते. निजामशहाने त्याला औषधांची अरबी नावं शिकवली, त्याने निजामशहाला लॅटिन नावं. वर्षातले काही महिने इथे राहत जा, मोठं उत्पन्न लावून देतो, असं निजामशहाने सुचवलं आणि आपण ते घेतलं नाही, असं ओर्ता लिहितो. फिरिश्ताच्या इतिहासाप्रमाणे निजामशाहीचा मूळपुरुष हा मुसलमान झालेला ब्राह्मण, घराणं पाथरीचं. बुऱ्हाणने स्वतः १५३७ च्या सुमारास शिया पंथ घेतला. म्हणजे नगरच्या त्या दिवाणखान्यात बसलेल्या राजा आणि डॉक्टर दोघांच्याही घराण्यांचा धर्म बदललेला. फरक एकच. राजाच्या आजोबांची गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती आणि राजाला त्याचं काही वाटत नव्हतं. डॉक्टरच्या आईबापांची गोष्ट मात्र जिवावर बेतणारी होती.

कारण गोवाही सुरक्षित नव्हता. १५४३ मध्ये जेरोनिमो दियश नावाच्या डॉक्टराला गोव्यात धर्मद्रोही ठरवून मारलं आणि जाळलं. तोही 'नवा ख्रिश्चन', अगदी ओर्तासारखाच. आणि तेव्हा गव्हर्नर कोण होता? मार्तीं आफोंसु द सोझा. ओर्ताला जहाजावर घेऊन आलेला तोच. ओर्ताने त्या दिवशी काय केलं असेल? बहुधा नेहमीसारखे रोगी तपासले असतील. १५४९ मध्ये त्याची आई आणि बहिणी लिस्बनमधल्या इन्क्विझिशनच्या तावडीतून कशाबशा सुटून त्याच्याकडे आल्या. आणि १५६० मध्ये इन्क्विझिशनच त्यांच्या मागोमाग गोव्याला आलं. ते १८१२ पर्यंत राहिलं आणि ज्यूंपेक्षा कितीतरी जास्त इथल्या कोकणी माणसांना त्याने छळलं, हे गोव्याच्या मंडळींना सांगायला नको.

म्हणजे १५६३ मध्ये पुस्तक छापलं तेव्हा हे न्यायालय त्याच शहरात होतं. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर एक ओळ आहे: हे पुस्तक या प्रांताचे इन्क्विझिटर आलेशु दियश फाल्कांव यांनी पाहिलं आहे. लेखकाचं नाव आणि तपासनीसाचं नाव, एकाच पानावर. मी ते पान झूम करून किती वेळ बघत होते.

१५६८ मध्ये ओर्ता वारला. त्याच्यावर कधी खटला झाला नाही. व्हाइसरॉयांच्या नाड्या बघणाऱ्या माणसाला हात लावायचं धाडस कोणी केलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. तो गेल्यावर थोड्याच दिवसांत त्याची बहीण कातारीना हिला पकडलं. तिच्या नवऱ्याने जबानी दिली की गार्सिया खाजगीत मोझेसचा धर्मच खरा मानायचा. छळ झाल्यावर कातारीनानेही कबुली दिली. २५ ऑक्टोबर १५६९ ला तिला गोव्यात जिवंत जाळलं. आणि १५८० मध्ये ओर्ताची हाडं थडग्यातून उकरून काढली आणि जाळली. मेल्याला बारा वर्षं झाल्यावर!

दरम्यान युरोपात काय चाललं होतं? क्लुसियस नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाला १५६४ मध्ये लिस्बनमध्ये हे पुस्तक सापडलं. त्याने १५६७ मध्ये अँटवर्पला त्याचा लॅटिन संक्षेप छापला आणि तो धडाधड खपला. इकडे हाडं जळत होती, तिकडे आवृत्त्या निघत होत्या. फक्त क्लुसियसने एक केलं: संवाद काढून टाकले. रुआनो गेला, अंतोनिया गेली, धावत आलेला नोकर गेला. माहिती राहिली, माणसं गेली.

कातारीनाची गोष्ट जगाला कळायला तर १९३४ उजाडावं लागलं. तोपर्यंत ओर्ता म्हणजे एक थोर पोर्तुगीज विद्वान, बस्स. १८८६ मध्ये ज्याने त्याचं मोठं चरित्र लिहिलं त्या काउंट फिकाल्योलाही यातलं काही माहीत नव्हतं. सिल्व्हा कार्व्हाल्यो या डॉक्टर-इतिहासकाराने इन्क्विझिशनची दप्तरं उघडली तेव्हा ही जबानी बाहेर आली.

रविवारी रात्री हे सगळं जेवताना घरी सांगितलं. भाऊ म्हणाला, "म्हणजे शेवटी घाबरटच होता ना तो? जन्मभर लपून राहिला." मला राग आला, पण लगेच उत्तर सुचेना. आणि तो काही संत नव्हता हेही खरं. ज्या राजवटीने देवळं पाडली तिच्याच पदरी त्याने जन्म काढला. ज्या अंतोनियाने ती पानं-फळं आणली ती त्याची गुलाम होती, आणि तिचं त्याबद्दल काय म्हणणं होतं ते कोणी लिहून घेतलं नाही.

पण भावाला आता उत्तर देते. आपल्याला वाटतं की खरं बोलायची सवय ही एकसंध गोष्ट असते. जो माणूस हिऱ्याबद्दल, मिरीबद्दल, गेलनबद्दल धडधडीत खरं बोलतो, तो सगळीकडेच तसा. ओर्ताकडे बघून कळतं की तसं नसतं. हा माणूस जगातल्या प्रत्येक पानाफुलाबद्दल 'मी पाहिलं, मी पाहिलं नाही' एवढ्या काटेकोरपणे बोलला, आणि स्वतःबद्दल जन्मभर खोटं बोलला. ते खोटं त्याने निवडलेलं नव्हतं. जन्माच्या चार वर्षं आधी, १४९७ मध्ये, ते त्याच्यासाठी कोणीतरी ठरवून ठेवलं होतं. त्याच्या हातात एवढंच होतं, की जिथे खरं बोलता येईल तिथे तसूभरही कमी बोलायचं नाही. ते त्याने केलं.

'स्पेनमध्ये असतो तर बोलायची छाती झाली नसती' हे वाक्य आता परत वाचा. वर गेलनचं नाव आहे. खाली काय आहे?

आणि मला वाटतं, रुआनोही म्हणूनच लागला असेल. मनातलं सगळं बोलता येईल असा माणूस गोव्यात त्याला कितीसे मिळाले असणार? मग एक कागदावर बनवला.

पणजीला चर्चसमोरच्या चौकात जी म्युनिसिपल गार्डन आहे ना, तिला गार्सिया द ओर्ताचं नाव दिलेलं आहे. मी कॉलेजच्या ट्रिपला गेले होते तेव्हा तिथल्या बाकावर बसून आइस्क्रीम खाल्लं होतं आणि नाव वाचायची तसदीही घेतली नव्हती. पुढच्या वेळी वाचणार आहे. थडगं तर त्यांनी ठेवलंच नाही, निदान बाग आहे.

असो. फार लांबलं. हे लिहितेय तो वार शनिवार आहे. आमच्याकडे सकाळपासून चूल, म्हणजे गॅस, पेटलाय आणि खिडक्या सताड उघड्या आहेत. आजी स्वयंपाकघरातून विचारतेय, आता पोट कसं आहे. तिला सांगितलं, तुझा मोडशी शब्द एका डॉक्टरने १५६३ मध्ये छापलाय. ती म्हणाली, "मग? त्याला तरी पेज दिली का कोणी?"